शेऱ्याचा रकाना

शाळा उघडून चौथा की पाचवा दिवस होता. बाहेर पाऊस लागलेला, ऑफिसच्या टिनावर त्याचा असा आवाज की समोरच्याचं बोलणं ऐकायला कान पुढं करावा लागत होता, आणि दाखल-खारिज रजिस्टरवर गळतं पाणी पडू नये म्हणून मी टेबल भिंतीकडे सरकवून बसलो होतो. दारात दोघीजणी छत्री मिटत उभ्या राहिल्या. एक चाळिशीच्या, खांद्याला कापडी पिशवी, त्यांनी नागपूरकडच्या एका संस्थेचं नाव सांगितलं. दुसरी विशीतली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी, दुसऱ्या हातात पाण्याची मोठी बाटली. टीसी पाहिजे होती, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसायचं होतं. मी नाव विचारलं. तिनं सांगितलं आणि म्हणाली, "सर, आठवीत होती मी. २०१७ च्या दिवाळीपर्यंत." तेव्हा कुठं मला चेहरा ओळखू आला. रजिस्टरमधलं पान सापडलं. ती माझ्या उजव्या हाताला येऊन उभी राहिली होती, लहानपणी वही तपासून घ्यायला यायची तशी, त्यामुळे मी काही बोलायच्या आधी तिनंच वाचलं. शाळा सोडल्याचं कारण: पालकांसोबत स्थलांतरित. अक्षर माझं, सही माझी. ती म्हणाली, "आईबाबा तर इथंच होते ना सर."

रागानं नाही. फळ्यावर गणित उतरवताना सरांकडून एखादा आकडा चुकला की पहिल्या बाकावरची पोरगी कशी हळूच सांगते, तसं.

मी "हो" म्हणालो आणि शिक्का शोधायला लागलो.

टीसी दिली त्या दिवशी. रजिस्टरला जे लिहिलंय तेच टीसीवर उतरवावं लागतं, म्हणून "पालकांसोबत स्थलांतरित" हे शब्द मी त्या दिवशी दुसऱ्यांदा लिहिले, तिच्यासमोर, आणि तिनं ते घडी करून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवले. त्या पावसातून त्या दोघी काळीपिवळी जीप पकडायला फाट्याकडे गेल्या आणि मी परिपाठ, खिचडीचा तांदूळ, पुस्तकवाटप, सगळं करत राहिलो, पण ते एक वाक्य काही डोक्यातून जाईना. आजही गेलेलं नाही म्हणून हे लिहितोय. तिचं नाव, गाव, तालुका काहीच सांगणार नाही, कायद्यानं सांगायचं नसतंच आणि कायदा नसता तरी सांगितलं नसतं. लिहिण्याआधी तिला विचारलंय. ती म्हणाली, "लिहा, पण रडकं नका लिहू."

२०१७ चं साल यवतमाळकडच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. गुलाबी बोंडअळीनं पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, आतून पोखरली होती, बोंड वरून चांगलं दिसायचं आणि फोडलं की आत काळी कवडी. त्याच हंगामात फवारणी करता करता विषबाधा होऊन माणसं मेली, दवाखान्यात डोळ्यांवर पट्ट्या बांधलेले मजूर ओळीनं पडलेले. दिवाळीला हातात पैसा नव्हता. सुट्टी संपून शाळा भरली तेव्हा माझ्या पटावरची अकरा पोरं आली नव्हती. कुणी विटभट्टीवर, कुणी तेलंगणात मिरची तोडायला जायच्या तयारीत, कुणी मामाच्या गावी. केंद्रप्रमुख यायचे होते. ऑनलाइन माहिती भरायची होती आणि त्यात रकाना रिकामा सोडता येत नाही. मी गावात दोन चकरा मारल्या, खोटं नाही सांगत, पण संध्याकाळी वस्तीवर माणूस भेटत नाही, सगळे वावरात, आणि जे भेटले ते म्हणाले, "ते लोक गेले वाटते सर." ते लोक म्हणजे नेमके कोण हे मी विचारलं नाही. अकराच्या अकरा नावांपुढं एकच शेरा मारून मोकळा झालो. एका दमात लिहिलेला, म्हणून सगळ्यांचं अक्षर सारखं तिरकं आहे, पान उघडलं की अजून दिसतं.

आता जी गोष्ट सांगतो ती मी बायकोलाही परवापर्यंत सांगितलेली नव्हती.

जानेवारीत तिची आई शाळेत आली होती. दुपारची मोठी सुट्टी, व्हरांड्यात पोरं खिचडी खात बसलेली. ती दाराशी उभी राहिली, चपला बाहेर काढून, पदर तोंडाशी धरून. बोटं बघितली मी तिची, वाळलेल्या बोंडाच्या टोकांनी चिरा पडलेली, त्यात काळं भरलेलं. म्हणाली, "सर, पोरीचा एखादा फोटो हाय का जी तुमच्यापाशी?" मी संगणकासमोर, नेट आलेलं, ते जायच्या आधी माहिती भरायची घाई. म्हटलं, कशाला पाहिजे? म्हणाली, "असाच." पंधरा ऑगस्टचा ग्रुप फोटो माझ्या मागच्या कपाटात होता, हात लांबवला असता तर मिळाला असता. मी म्हणालो, "शोधून ठेवतो, सोमवारी या." ती सोमवारी आली नाही. मीही फोटो शोधला नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे माझ्या डोक्यात हे आलंच नाही, की जिला मी पालकांसोबत स्थलांतरित लिहिलंय तिची आई माझ्या दारात उभी कशी?

आईला तो फोटो पोलिसात द्यायला पाहिजे होता. ती एकदा तिथं जाऊन आली होती. तिथं तिला सांगितलं की पळून गेली असेल, येईल परत, फोटो आण मग बघू. सुप्रीम कोर्टानं २०१३ सालीच सांगून ठेवलंय की लेकरू हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचा आणि अपहरण किंवा विक्री झाली असं धरूनच शोध घ्यायचा. हे मला आत्ता, संस्थेच्या ताईंकडून कळलं. तेव्हा आईलाही माहीत नव्हतं आणि मलाही. पण माहीत असायला मी मास्तर होतो.

गावात मात्र शब्द तयारच होता. पोट्टी पळाली. आमच्याकडे पोरगी दिसेनाशी झाली की दुसरा शब्दच कुणाच्या तोंडात येत नाही, नळावर, दळणाच्या चक्कीवर, पानठेल्यावर तोच, आणि एकदा तो शब्द लागला की आईबापाची मान खाली जाते, मग ते शोधत नाहीत, लपवतात. माझा शब्द सरकारी होता, त्यांचा गावठी, काम दोन्हींनी एकच केलं. संविधानात त्यासाठी तिसरा शब्द आहे. कलम २३, माणसांचा अपव्यापार आणि वेठबिगारी यांना मनाई. रोज परिपाठाला आम्ही उद्देशिका म्हणून घेतो, मी नागरिकशास्त्र वीस वर्षं शिकवतोय, शोषणाविरुद्धचा हक्क म्हणून ते कलम पोरांना पाठ करायला लावलंय, पण अपव्यापार म्हणजे आपल्या आठवीतल्या तिसऱ्या बाकावरची पोरगी, असं कधी फळ्यावर लिहिलं नाही.

झालं होतं ते थोडक्यात सांगतो, तिनं स्वतःही थोडक्यातच सांगितलंय. बाजाराच्या दिवशी बांगड्या विकायला यायची ती बाई, सगळ्या वस्तीची ओळखीची, बायका तिच्याकडे उधारी ठेवायच्या. तिनं सांगितलं, नागपूरला दुकानात काम आहे, राहणं-खाणं देतात, सुट्टीपुरतं पाठवा, चार पैसे आणेल पोरगी. बोंडअळीच्या वर्षात चार पैसे कुणाला नको होते. नागपूरहून रेल्वे, मग दुसरी रेल्वे, मग एका घरी आठ दिवस, मग हरियाणातल्या एका गावात हळद लावून लग्न. नवरा तिच्या बापाच्या वयाचा. आमच्याकडे असा विषय निघाला की लोकांना फक्त नागपूरची गंगा-जमुना, धंद्याची वस्ती, आठवते, २०२१ साली पोलिसांनी ती वस्ती सील केली तेव्हा पेपरभर तेच होतं. पण ही गोष्ट लग्नाची आहे, मंगळसूत्र घातलेली, त्यामुळे बघणाऱ्याला त्यात काही वावगं दिसत नाही. तिकडे अशा आणलेल्या बायकांना पारो म्हणतात, मोलकीही म्हणतात, मोलकी म्हणजे मोल देऊन घेतलेली. मी भूगोलाच्या तासाला लिंग गुणोत्तराचा तक्ता शिकवतो, २०११ च्या जनगणनेत हरियाणात सहा वर्षांखालच्या १००० मुलांमागे ८३४ मुली. ते आमच्यासाठी परीक्षेतल्या एका मार्काचं उत्तर होतं. ज्या घरांनी मुली जन्मू दिल्या नाहीत त्यांना पुढं सुना लागतात, त्या कुठून तरी आणाव्या लागतात, आणि ते कुठून तरी म्हणजे आमच्या शाळेचा पट निघेल हे त्या तक्त्यात दिसत नाही. आपल्या महाराष्ट्राचा आकडा तरी काय, ८९४.

तिथं तिला कामचोर म्हणायचे. हे ऐकून मला सगळ्यात जास्त लागलं, कारण त्याचं उत्तर माझ्या कपाटात होतं.

ती सिकलसेलची. आमच्या भागात सिकल कुणाला समजावून सांगावं लागत नाही, घरटी नाही तरी दोन घरांआड कुणीतरी आहे. पाचवीत असताना आरोग्यवाले आले होते, बोटाला टोचून रक्त घेतलं, नंतर जिल्ह्याला पाठवून पक्की तपासणी झाली, एसएस निघालं, म्हणजे नुसती वाहक नाही, पुरता आजार. ती यादी शाळेत आली आणि मी ती आरोग्याच्या फाइलला लावली. थंडीत तिचे पाय दुखायचे, तेव्हा आम्ही तिला उन्हात बसवायचो, शेवटच्या बाकाऐवजी खिडकीशी, आणि पाणी पी म्हणून मागं लागायचो, एवढं तरी आम्हाला कळत होतं. आता विचार करा, हरियाणातली डिसेंबरची पहाट, म्हशींचं शेण काढायचं, बर्फासारख्या पाण्यात हात घालायचे. थंडीनं आणि पाणी कमी पडल्यानं त्या रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकून अडकतात आणि हाडं फुटल्यासारखी दुखतात. ती खाटेवर पडून ओरडायची आणि घरातले म्हणायचे नाटक करते, पैसे वाया गेले. तिला स्वतःलाही रोगाचं नाव आठवत नव्हतं. फक्त एवढं आठवत होतं की शाळेत उन्हात बसवायचे.

सुटली तीही रक्तामुळेच. चार वर्षांनी, सतरा वर्षांची असताना, तिथल्या उपकेंद्रातल्या एका नर्सनं हिमोग्लोबिन तपासलं, सहाच्या आसपास निघालं, आणि सासूला बाहेर बसायला सांगून विचारलं, तू कुठली? हिला तालुका सांगता येईना, पिनकोड येईना, बापाचा नंबर कधीच बंद पडलेला. मग तिनं कागद मागितला आणि शाळेच्या भिंतीवरची पाटी जशीच्या तशी लिहून काढली. जिल्हा परिषद उच्च प्राथमिक शाळा, खाली गावाचं नाव, खाली पंचायत समिती, खाली जिल्हा. आठ वर्षं रोज प्रार्थनेला हात जोडून ती त्या पाटीसमोर उभी राहायची, डोळे मिटायला सांगितलं तरी मिटायची नाही, मी कितीदा रागावलोय. नर्सनं १०९८ ला, लेकरांच्या हेल्पलाइनला, फोन केला. पुढं पोलिस, बाल कल्याण समिती, मग इकडची समिती, आणि मग ही संस्था.

ती पाटी मीच सादीलच्या, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाच्या, पैशातून रंगवून घेतली होती. पेंटरनं "पंचायत समिती" ला ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ केला होता आणि तो मी परत लिहायला लावला होता, त्यावरून आमचं भांडण झालं होतं. आता त्या पाटीकडे बघताना मला काय वाटतं ते नीट सांगता येत नाही. बरं वाटतं, आणि लगेच तो तिरका शेरा आठवतो.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मी संस्थेत गेलो. बरोबर एक अर्ज नेला होता. दाखल-खारिज रजिस्टरमध्ये आपल्या मनानं खाडाखोड करता येत नाही, दुरुस्तीला वरून मंजुरी लागते, म्हणून तिची सही, संस्थेचं पत्र, समितीच्या आदेशाची प्रत असं सगळं जोडून शाळा सोडल्याचं कारण बदलायचा प्रस्ताव मी तयार केला होता. दोन रात्री बसून लिहिला होता. नवीन कारणाच्या जागी काय लिहावं यावरच एक रात्र गेली.

संस्था म्हणजे गावाबाहेरचं एक साधं दुमजली घर, दारात कडुनिंब, आत गेल्या गेल्या भाजीला दिलेल्या फोडणीचा वास. गेटला कुलूप होतं आणि ते मला खटकलं. ताईंना बोलून दाखवलं तर म्हणाल्या, "आम्हालाही खटकते सर, पोरी भांडतात आमच्याशी त्या कुलपावरून, आणि त्यांचं बरोबर हाय. पण ज्यांनी विकलं त्यातले दोघं जामिनावर बाहेर हायेत." व्हरांड्यात तीन-चार लहान लेकरं लाकडी नंदीला झूल घालत होती, तिथल्याच बायांची लेकरं. त्यांच्यासाठी वेगळी खोली आहे. ताई सांगत होत्या की मुंबईत कामाठीपुऱ्यात प्रेरणा संस्थेनं १९८८ साली लेकरांसाठी रात्रीचं केंद्र काढलं, आई धंद्याला बसली असताना लेकरानं रात्र कुठं काढायची, एवढ्या एका प्रश्नातून, आणि तेव्हापासून या कामातल्या लोकांना कळलं की आईला सोडवायचं तर आधी लेकराच्या झोपेची सोय पाहावी लागते.

झोप हा शब्द त्या दिवशी फार वेळा कानावर पडला. मला वाटायचं पोरगी सुटून आली की दुसऱ्या दिवशी हातात पुस्तक द्यायचं. ताई म्हणाल्या, पहिले काही महिने शिक्षणाचा विषयच काढत नाही. आधी रक्त, टीबी, डोळे, दात. दात फार खराब असतात म्हणे, मार खाल्लेले आणि दुर्लक्ष झालेले, आणि दाढ दुखत असताना कुणाला काय समुपदेशन करणार. एचआयव्हीची तपासणी एकदा करून भागत नाही, काही आठवड्यांनी परत करावी लागते, आणि त्या मधल्या दिवसांत पोरीच्या शेजारी कुणीतरी बसून राहावं लागतं. डॉक्टर मॅडम दर गुरुवारी येतात. हात लावायच्या आधी विचारतात, लावू का? नको म्हटलं तर पुढच्या गुरुवारी परत विचारतात. हिनं तीन गुरुवार नको म्हटलं होतं. आणि रिपोर्ट आले की ते ऑफिसच्या कपाटात जात नाहीत, ज्या पोरीचे तिच्याच हातात देतात, प्रत्येकीची स्वतःची फाइल, स्वतःच्या पेटीत. हे ऐकलं तेव्हा माझी आरोग्याची फाइल आठवली, जी मी इतकी व्यवस्थित जपून ठेवली होती.

पेपरात छापा पडल्याची बातमी येते, तोंडाला रुमाल बांधलेल्या बायांचा फोटो येतो, "सुटका" असं मोठ्या अक्षरात. त्यानंतरची चार-पाच वर्षं कुणी छापत नाही, कारण त्यात छापण्यासारखं दिसत नाही. गुरुवार, गोळ्या, दाढ, सतरा नंबरचा फॉर्म, कोर्टाची तारीख, बँकेत खातं उघडायला पत्त्याचा पुरावा. लोक वाढदिवसाला केक घेऊन येतात आणि पोरींसोबत फोटो मागतात, त्यांना ताई गेटवरूनच हात जोडतात. त्यापेक्षा महिन्याच्या हिमोग्लोबिनच्या तपासण्यांचा खर्च उचला म्हणतात. फार कमी लोक उचलतात.

रजिस्टरचा विषय निघाला तेव्हा ताईंनी मला एक गोष्ट सांगितली. केस सुरू आहे, जुन्या दंड संहितेतल्या अपव्यापाराच्या कलम ३७० खाली, नवीन न्याय संहितेत तेच आता १४३ झालंय, आणि समोरचा वकील म्हणतोय की लग्नाच्या वेळी पोरगी अठराची होती. वय ठरवताना बाल न्याय कायद्यात आधी शाळेची जन्मतारीख धरतात, ती नसेल तर ग्रामपंचायतीची, तीही नसेल तरच हाडांची तपासणी. म्हणजे पहिलीत नाव दाखल करताना माझ्या आधीच्या गुरुजींनी आकड्यात आणि अक्षरी लिहिलेली जी तारीख आहे, ती घेऊन मला कोर्टात उभं राहावं लागेल. त्याच पानावर, त्याच ओळीत, शेवटी माझा शेरा. वकील विचारेलच. मी तयारी करतोय.

मग मी तिला अर्ज दाखवला. ती चटईवर बसली होती, पुढ्यात दहावीचं गणित. तिनं सगळा वाचला, दोन्ही पानं, हळूहळू. मी वाट बघत होतो, खरं सांगायचं तर ती बरं म्हणेल, कदाचित डोळ्यांत पाणी येईल, असं काहीतरी मनात धरून गेलो होतो. तिनं कागद परत दिला. म्हणाली, "नको सर. स्थलांतरितच राहू द्या."

मी म्हटलं, पण ते खोटं आहे ना.

"मालूम आहे. पण टीसी कॉलेजला द्यावी लागते, नोकरीला द्यावी लागते, तिथं कुणीही वाचेल. हे तिथं नका लिहू. कोर्टात सांगा तुम्ही, तिथं खरं सांगा."

मला पटकन काही बोलता आलं नाही. दोन रात्री जागून मी जे लिहिलं होतं ते तिच्यासाठी लिहिलंय असं समजत होतो. अर्जाची घडी खिशात ठेवताना कागद ओला लागला, माझ्याच हाताच्या घामानं. पिशवीतून मग तो फोटो काढला, पंधरा ऑगस्ट २०१७, फोटोच्या एका कोपऱ्याला वाळवी लागलेली. आईला द्यायला हवा होता तो. तिनं तो गुडघ्यावर ठेवला आणि बोटानं एकेक चेहरा मोजायला लागली. हिचं लग्न झालं, हिचंही झालं, ही नर्सिंगला आहे ना सर, हा वारला का? मी सांगत गेलो. स्वतःच्या चेहऱ्यापाशी बोट आलं तेव्हा ती थांबली नाही, पुढं गेली. मग एकदम म्हणाली, "आईला पाठवते हा. ती मागत होती."

म्हणजे आईनं तिला सांगितलं होतं.

मी मान खाली घालून बसलो. माफी मागितली, मागायचीच होती, पण ती कशी मागतात याची मास्तर लोकांना सवय नसते, शब्द अडखळत आले. ती ऐकत होती. माफ केलं म्हणाली नाही, नाही असंही म्हणाली नाही. पेटीतून टीसी काढून आणली आणि एका रकान्यावर बोट ठेवलं. अभ्यासातील प्रगती: बरी. "सर, हे मात्र बदला. मला गणितात पैकीच्या पैकी पडायचे, तुम्हीच द्यायचे." तो रकाना आम्ही कधी विचार करून भरत नाही. सगळ्यांना बरी, सगळ्यांची वर्तणूक चांगली. मी म्हटलं, सोमवारी नवीन काढून आणतो, आणि सोमवार हा शब्द तोंडातून गेल्यावर जिभेला चटका बसल्यासारखं झालं. मी सोमवारी गेलो. शाळेला अर्जी रजा टाकून गेलो.

त्या सोमवारी ती पायथागोरसच्या प्रमेयापाशी अडली होती. कर्ण कुठला ते कळायचं, पण काटकोन आडवा पडलेला असला की गोंधळायची. मी वहीच्या मागच्या पानावर आकृती काढून दिली, मग पान फिरवून दिलं, मग परत फिरवलं, असं बराच वेळ चाललं. शेजारी ती पाण्याची बाटली ठेवलेली, तीच, पावसाच्या दिवशी हातात होती ती. तेव्हा मी नीट बघितली नव्हती. सिकलवाल्यांना दिवसभर ठरवून पाणी प्यावं लागतं, तहान लागायची वाट बघून चालत नाही. तिनं बाटलीवर निळ्या स्केचपेननं आडव्या रेघा मारल्या होत्या आणि प्रत्येक रेघेशी बारीक अक्षरात लिहिलं होतं. सगळ्यात वर परिपाठ. त्याखाली लहान सुट्टी. मग मोठी सुट्टी. तळाशी शाळा सुटली.

मी आकृतीत कर्णाची बाजू गडद करत होतो. तिनं हात वर केला, वर्गात करायची तसा.

"थांबा सर. मोठी सुट्टी झाली."

आणि बाटली उचलून तिसऱ्या रेघेपर्यंत पाणी प्यायली.